शांत झाला म्हणजे बरा झाला?

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांचा विकार, यावरून आपल्या सांगली-मिरजेत सध्या दोन पक्ष पडले आहेत. शाळेच्या पालकसभेत, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विषय काढा, दोन्ही पक्ष हजर असतात. पहिला म्हणतो, हे नवं खूळ आहे. आमच्या वेळी असल्या पोरांना अंगठे धरून उभं केलं की संध्याकाळपर्यंत ताळ्यावर यायची, आणि नाही आली तरी मिसरूड फुटल्यावर आपोआप शांत व्हायची. दुसरा पक्ष तिशी-पस्तिशीतल्यांचा. मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून तो म्हणतो, 'किल्ली सारखी हरवते, हातातलं पुस्तक अर्धवट राहतं, म्हणजे मलाही आहे की हे!' आणि त्याच दमात आपल्या पोराच्या प्रगतिपुस्तकावरही तोच शिक्का मारून मोकळा होतो. एकाच्या हिशेबी हे कुणालाच नाही, दुसऱ्याच्या हिशेबी सगळ्या गावाला आहे.

मला दोघांची चूक एकच दिसते. दोघंही एका वयाचं चित्र हातात धरून दुसऱ्या वयाच्या माणसाकडे बघतात. माझं म्हणणं असं: एडीएचडी खरा आहे, बहुतेकांच्या बाबतीत तो लहानपणी सुरू होतो आणि अनेकांच्या बाबतीत मोठेपणी रूप पालटून तसाच राहतो. पण मुलातला एडीएचडी भोवतालच्यांना छळतो म्हणून नजरेत भरतो, आणि मोठ्या माणसातला मुख्यतः त्याला स्वतःला छळतो म्हणून नजरेतून सुटतो. निदान कुणाचं होतं आणि कुणाचं राहून जातं, हे आपल्याकडे विकाराच्या तीव्रतेपेक्षा तक्रार कोण करतं यावर ठरतं. भांडायचंच असेल तर यावर भांडावं.

नऊ वर्षांचा मुलगा स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन 'माझं लक्ष लागत नाही' असं सांगत नाही. त्याची तक्रार वर्गातल्या बाई करतात, वहीतल्या लाल शेऱ्यांतून. आई करते, शेजारच्या काकू करतात, रिक्षावाले मामा करतात. बाकावरून सारखा उठतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो, खो-खोत पाळी येईपर्यंत दम धरत नाही, वजाबाकीचं चिन्ह बघायच्या आधी बेरीज करून टाकतो. डबा शाळेत राहिला, बाटली रिक्षात, आणि स्वेटर कुठे ते देवाला ठाऊक. हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, कारण ते दिसतं आणि ऐकू येतं. आता तोच मुलगा चौतीस वर्षांचा झाला असं समजा. मीटिंगमध्ये तो दोन तास खुर्चीत बसतो; फक्त टेबलाखाली पाय हलत असतो आणि डोक्यात चार गाणी एकदम वाजत असतात. मध्येच तो ओरडत नाही, पण रागाच्या भरात साहेबाला पाठवलेल्या मेसेजपायी त्याने एक बरी नोकरी घालवलेली असते. डबा विसरत नाही, कारण बायको तो गाडीच्या हुकाला अडकवून ठेवते. विम्याचा हप्ता मात्र चुकतो, खात्यात पैसे असूनही विजेचं बिल दंडासकट भरलं जातं, आणि मुदतीच्या आदल्या रात्री बारा वाजल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लागत नाही. अभ्यासांतूनही हेच दिसतं की वय वाढतं तशी धावपळ आणि उतावीळपणा भराभर ओसरतो, लक्षाची आणि कामाच्या आखणीची विस्कट चिवटपणे मागे उरते. ओसरतं ते नेमकं दुसऱ्यांना दिसणारं. म्हणजे गावाच्या लेखी पोरगं सुधारलं. त्याच्या स्वतःच्या लेखी?

'मोठा झाला की होईल शांत' हे मत फक्त आपल्या आज्यांचं नाही, त्याला मोठी वंशावळ आहे. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष एका जागी न ठरण्याच्या अवस्थेचं वर्णन केलं आणि सुदैवाने ती वयाबरोबर बहुधा कमी होते, असंही लिहून ठेवलं. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अशाच मुलांच्या हकिकती मांडल्या. बुद्धी शाबूत, पण स्वतःवर ताबा नाही. त्याने याला नैतिक नियंत्रणातला दोष मानलं. आपण आजही मानतो, फक्त तेवढ्या सभ्य शब्दांत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, हा विकार आला तोच 'बालपणीची' अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून, आणि पौगंडावस्थेत ती सहसा ओसरते अशी पुस्तीही जोडून. १९७० च्या दशकात युटामध्ये पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी मोठ्या माणसांना तपासू लागले तेव्हा ते प्रवाहाच्या उलट पोहत होते. १९८० च्या आवृत्तीत लक्ष न लागणं हा गाभा ठरला आणि मोठेपणी मागे उरणाऱ्या लक्षणांसाठी एक अवशिष्ट प्रकार दाखल झाला. पण मोठ्यांसाठी वेगळा उंबरठा यायला २०१३ साल उजाडावं लागलं: लक्ष न लागण्याची एक आणि अतिचंचलता-उतावीळपणाची दुसरी, अशा दोन याद्यांपैकी एकीतल्या ९ लक्षणांपैकी मुलांना किमान ६ असावी लागतात, १७ वर्षं आणि त्यापुढच्यांना ५ पुरतात, आणि सुरुवात ७ ऐवजी १२ वर्षांच्या आत झालेली असली तरी चालते.

म्हणजे इतकी वर्षं आपण चाळिशीतल्या माणसाला शाळकरी पोराच्या मापाने मोजत होतो. विट्या-आटपाडीकडचा एखादा गलाई व्यावसायिक घ्या, जो दूर दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरात दिवसभर भट्टीपुढे सोनं-चांदी गाळत उभाच असतो. 'तुम्हाला जागेवर बसून राहायला जमतं का?' हे त्याला विचारून काय हाती लागणार? त्याला विचारायला हवं की उधारीची वही शेवटची कधी पुरी केलीस, आणि तिकडच्या धंद्यात आत्तापर्यंत किती भागीदार बदललेस.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मोकळेपणी मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. एक तर या विकाराची रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. निदान माणसाच्या इतिहासावरून होतं, आणि इतिहास सांगणारा आपल्या सोयीने सांगतो. दुसरं, शाळेतलं वय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा २०१२ मध्ये असं दिसलं की वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचं निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. जन्ममहिन्याने कुणाचा मेंदू बिघडत नसतो. निव्वळ पोरवयाला तिथे विकार ठरवलं जात होतं. आपल्याकडे तर मोठ्या गटात नाव घालायची इतकी घाई की साडेपाच वर्षांच्या पोराशेजारी साडेसहाचं पोर बसतं आणि बाई दोघांकडून एकच अपेक्षा धरतात. तिसरं, लक्ष उडणं ही ताप येण्यासारखी गोष्ट आहे. ताप खरा असतो, पण त्यावरून मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही. अपुरी झोप, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड, कानाने कमी ऐकू येणं, घरातली भांडणं, नैराश्य, चिंता, रात्री दोनपर्यंत मोबाइल, यांतलं काहीही लक्ष उडवू शकतं. व्हिडिओ बघून स्वतःचं निदान करणाऱ्या दहा जणांपैकी कितीजण आधी आठवडाभर नीट झोपून बघतात?

आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप न्यूझीलंडहून आला. तिथल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे. २०१५ मध्ये त्यातल्या ३८ वर्षांच्या माणसांचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक तज्ज्ञ खुर्चीत ताठ बसले. मोठेपणी ज्यांच्यात एडीएचडी आढळला, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्क्यांना लहानपणी तो नोंदलाच गेला नव्हता! मग मुलातला आणि मोठ्यातला हा एकच विकार म्हणायचा, की नावापुरतं साम्य असलेले दोन? 'मोठेपणी बरं सुचलं' म्हणणाऱ्यांच्या हाती यापेक्षा धारदार शस्त्र नाही.

या शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यापुढे सोपे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने अशा 'उशिरा सुरू झालेल्या' तरुणांच्या नोंदी वर्षावर्षाने, आईवडील आणि शिक्षकांच्या माहितीसकट पुन्हा उलगडल्या. फक्त प्रश्नावलीवर न थांबता, लक्षणं नशेची आहेत का, नैराश्याची आहेत का, जेमतेम काही महिन्यांची आहेत का, हे एकेक करून तपासलं, तेव्हा त्यातले बहुतेक गळून पडले. म्हणजे ड्युनेडिनचा आकडा दोन गोष्टी शिकवतो. मोठ्या माणसाचं निदान त्याच्या आजच्या उत्तरांवर सोडलं तर भलतेच लोक आत येतात, हे एक. दुसरं असं की लहानपणी नोंद नसणं म्हणजे लहानपणी त्रास नसणं नव्हे. हुशार मूल, आईचं बारीक लक्ष, एकत्र कुटुंब, ठरलेल्या वेळेची शाळा, एवढा टेकू असला की विकार असूनही गाडा ओढला जातो. टेकू निघतो तेव्हा तो दिसतो.

टेकू आपल्याकडे कधी निघतो हे बघायला न्यूझीलंडला जायची गरज नाही. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण एक नमुना दर दोन-तीन वर्षांनी डोळ्यांपुढून जातो. दहावीपर्यंत नव्वद टक्क्यांचा मुलगा. आई पहाटे उठवायची, वडील क्लासला सोडायचे, आजी अभ्यासाला समोर बसायची. पुढे इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर जातो आणि पहिल्याच वर्षात चार विषय राहतात. घरचे म्हणतात, संगत वाईट लागली. संगत कदाचित चांगलीच असेल. पहाटे उठवणारी आई तिथे नव्हती. दुसरा टप्पा लग्नाचा. तिथे नवी आई येते, तिला बायको म्हणतात, आणि घराच्या सगळ्या तारखा तिच्या डोक्यात जातात. तिसरा टप्पा पहिल्या मुलाचा. तेव्हा बायकोचं डोकं दुसरीकडे गुंततं आणि नवऱ्याची ढासळण पहिल्यांदा उघडी पडते. यांतलं कोणतं वळण या माणसाला डॉक्टरपर्यंत नेतं? बहुधा एकही नाही. नेलंच तर दारू, मावा किंवा कर्ज नेतं, आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं.

आता रक्ततपासणीचा आक्षेप. अर्धशिशीची रक्ततपासणी आहे का? नैराश्याची आहे का? रक्तदाब १४०/९० च्या वर गेला की आजार, ही रेषासुद्धा माणसांनीच आखलेली आहे, आणि ती आखल्यामुळे रक्तदाब खोटा ठरत नाही. प्रश्न रेषेच्या पलीकडे माणसाचं नुकसान किती होतं हा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात निघते. वाईट वळणाला एवढी आनुवंशिकता असेल तर मग आपली समाजशास्त्राची पुस्तकंच बदलायला लागतील. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने दाखवलं की मेंदूच्या बाह्य थराची जाडी साधारण मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास कळस गाठते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. पहिला पक्ष म्हणेल, 'बघा, उशीर आहे फक्त, भरून निघतो!' २०१७ मधला बत्तीसशेहून अधिक माणसांच्या मेंदूंच्या प्रतिमांचा एकत्रित अभ्यासही वरवर त्यांच्याच बाजूने बोलतो: मेंदूच्या आतल्या भागांच्या आकारातले फरक मुलांत दिसले, मोठ्यांत ते ठळक राहिले नाहीत. मग माझी बाजू पडली का? आकार जुळला म्हणून आयुष्य जुळलं असं होत नाही. मोडलेलं हाड जुळल्यावर एक्स-रे सरळ येतो, तरी लंगडणं राहू शकतं, आणि लंगडतंय का हे चालणाऱ्याला विचारावं लागतं.

मग राहतं किती जणांत? जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी २००६ मध्ये झाली, तेव्हा पंचविशीत पूर्ण निकष लागू पडणारे १५ टक्के निघाले, आणि निकषांत बसत नाहीत पण त्रास शिल्लक आहे असे धरले तर ६५ टक्के. पहिला पक्ष १५ चा आकडा उचलतो, दुसरा ६५ चा, आणि दोघंही खरंच बोलत असतात. याहून उपयोगी माहिती २०२२ मध्ये आली. अमेरिकेत नव्वदच्या दशकात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर उपचारांचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. त्या मुलांना पंचविशीपर्यंत वेळोवेळी तपासत राहिल्यावर कळलं की कायमचे बरे झाले असे फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. बहुतेकांचं काही काळ बरं, काही काळ पुन्हा तेच, असं चाललं होतं. ज्या वर्षी तपासाल त्या वर्षाचं उत्तर मिळणार. आपल्या नातेवाइकांचंही तसंच असतं. दिवाळीत भेटलेला भाचा शांत दिसला की 'सुटला बाई एकदाचा' असं मामी जाहीर करून टाकते, आणि मार्चमध्ये काय झालं ते तिच्या कानावर जात नाही.

आमच्या भागात एक युक्तिवाद फार लाडका आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो. तो असा की शाळा नावाच्या कोंडवाड्याने हा विकार जन्माला घातला. पूर्वी वारं प्यालेली वासरं शेतात खपून जायची आणि सोनं करायची. असं म्हणणारे साताऱ्याकडे बोट दाखवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे 'कमवा आणि शिका' उभं केलं, पोरं राबली आणि शिकली. कुणाला कसला एडीएचडी? यातलं निम्मं मी आनंदाने मान्य करतो. अंग हलवणारं काम, ठरलेला दिनक्रम, डोक्यावर माया आणि धाक असलेला माणूस, ही आजही या मुलांसाठी उत्तम व्यवस्था आहे. पण तिचं श्रेय व्यवस्थेला द्यायचं की 'विकारच नव्हता' याला? आणि जी पोरं मधूनच पळाली, ज्यांचं नाव पटावरून गेलं, त्यांच्या गोष्टी शताब्दीच्या भाषणात येतात का?

उरलेला निम्मा भाग मात्र आजच्या शेतीबद्दलच्या अज्ञानातून येतो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, आणि त्या तारखेपासून पुढे मोजलेला एकेक दिवस. विरळणी, डिपिंग, दिवस हुकला की मण्याची फुगवण हुकली. पहाटे धुकं उतरलं की डावणी रोगावरची फवारणी आजच, उद्यावर ढकलायची नाही. निर्यातीचा माल असेल तर कुठलं औषध तोडणीच्या किती दिवस आधी थांबवलं याची नोंद हवी, कारण तपासणीत अंश सापडला तर माल नाकारला जातो. वर सोसायटीचं कर्ज. मुदत चुकली की व्याजाची सवलत गेली. कुठल्याही कारकुनाच्या टेबलावर यापेक्षा कमी तारखा असतात. मेहनतीत हा माणूस कमी पडत नाही. गारपिटीच्या रात्री सगळ्यांत आधी बागेत तोच धावतो आणि अडचणीत त्याचं डोकं वीजेसारखं चालतं. त्याला मारतं ते नोंदीचं, वाट बघण्याचं, आज केलेल्याचं फळ तीन महिन्यांनी मिळण्याचं काम. ही शेती विकाराला सामावून घेत नाही, त्याचा हिशेब व्याजासकट वसूल करते.

मुलींबद्दल तर दोन्ही पक्ष जवळजवळ मुके आहेत, आणि माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत ठळक पुरावा तिथेच आहे. लहानपणी एका मुलीमागे दोन-तीन मुलगे निदानात सापडतात. मोठेपणी हे अंतर बरंच कमी होतं. वीस वर्षांत स्त्रियांना अचानक विकार जडतो का? खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीची तक्रार बाई करत नाहीत, एवढं साधं आहे. ती बाकावरून उठत नाही, कुणाची पेन्सिल मोडत नाही. घरी तिला वेंधळी, धांदरट म्हणतात, दूध उतू गेलं की चिडवतात, आणि सासरी गेल्यावर तेच चिडवणं आरोप होतं. पुरुषाला तारखा सांभाळणारी बायको मिळते. तिला कोण मिळतं? तिला उलट चौघांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या आणि भिशीचा हप्ता लक्षात ठेवायचं काम मिळतं. मग ती रात्री जागून याद्या करते, दहा वेळा गॅस बघते, आणि दवाखान्यात पोचते तेव्हा चिंतारोगाच्या गोळ्या घेऊन परत येते. चिंता खरीच असते. तिच्याखाली काय आहे ते बघायला ओपीडीत वेळ नसतो. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसलेल्या देशात तो कुठून येणार?

औषधाच्या भीतीबद्दल थोडक्यात. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, म्हणून ते वाटेल त्या दुकानात मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. औषध लागू पडलं म्हणजे विकार सिद्ध झाला, असंही कुणी म्हणू नये. १९७८ मध्ये विकार नसलेल्या मुलग्यांना अँफेटामाइन हे एडीएचडीवरचंच दुसरं औषध दिलं तेव्हा त्यांचंही लक्ष सुधारलं होतं. सहा वर्षांखालच्या मुलासाठी तर पहिला उपचार आईवडिलांचं प्रशिक्षण हाच आहे. पण मोठ्यांच्या बाबतीत औषध न घेण्याचीही किंमत मोजावी लागते. स्वीडनमध्ये सतरा हजारांवर रुग्णांच्या नोंदी बघितल्या तेव्हा एडीएचडी असलेल्या पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचा धोका औषध बंद असलेल्या काळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारणाची पक्की खात्री मिळत नाही, हे खरं. तरीही सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळी हेल्मेट आरशाला अडकवून, दोन ट्रकांच्या मधून दुचाकी काढणारे तरुण बघितले की हा आकडा आठवल्यावाचून राहत नाही.

खरी भीती औषधाची नसतेच, स्थळाची असते. 'मानसिक डॉक्टरकडे नेलं असं कळलं तर पोरगी कोण देणार?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटकेही विवाहातली बाधा म्हणून लिहिलेले होते. गोळ्यांनी आटोक्यात राहणारा मेंदूचा एक विकार, आणि कायद्याने त्याला वेडाच्या पंक्तीला बसवलं होतं. तो शब्द कायद्यातून काढला गेला म्हणून गावागावांत फिट येणाऱ्या मुलींची लग्नं लगेच जमली असं नाही, पण निदान कोर्टात तरी तो मुद्दा संपला. एडीएचडीचं उलट आहे. कायद्यात त्याच्या विरोधात काही नाही आणि बाजूनेही जवळजवळ काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर त्याच्या जोडीला दुसरं काही निघतंय का, हे आईवडील शोधत बसतात.

तक्रार कोण करतं यावर निदान ठरतं, हे एकदा मान्य केलं की उपाय फार महागडे राहत नाहीत. शाळेत फक्त मस्तीखोर मुलांची यादी न करता, गृहपाठ कळतो पण पुरा होत नाही अशा गप्प मुलांचीही करता येईल. मोठ्या माणसाला तपासताना त्याच्या जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे मागवता येतील. आपल्या आया ती ट्रंकेत जपून ठेवतातच. व्हिडिओवाल्यांना हाच चाप पुरे आहे: बारा वर्षांच्या आतला पुरावा दाखवा, घर आणि काम दोन्हीकडचं नुकसान दाखवा, मग बोलू.

आणि सगळ्यांत सोपी संधी तर रोज समोर येऊन बसते. मुलाला घेऊन वडील डॉक्टरकडे येतात, लक्षणं ऐकतात आणि हसून म्हणतात, 'डॉक्टर, मीपण लहानपणी अस्साच होतो. झालोच की मोठा!' हे ते मुलाला काही झालेलं नाही याचा दाखला म्हणून सांगतात, आणि डॉक्टरही बहुधा मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. इतका आनुवंशिक विकार असताना तिथून पुढे वळता कामा नये. नोकऱ्या किती बदलल्या, गाडी किती वेळा धडकली, झोप कधी लागते, तंबाखू दिवसाला किती, शेवटची वेळेवर भरलेली पावती कुठली, एवढे पाच प्रश्न त्यांनाही विचारायला दहा मिनिटं लागतील. ते पत्नीच्या समोर विचारावेत, म्हणजे उत्तरं खरी मिळतील.